गाण्याखाली नावं लिहा: जुन्या हिंदी गाण्यांच्या कंपन्यांना आणि संगीत ॲपवाल्यांना खुलं पत्र

प्रति,
जुन्या हिंदी चित्रपटगीतांचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्या सर्व कंपन्या,
आणि ती गाणी मोबाइलवर ऐकवणारी ॲप चालवणारे सर्वजण

स. न. वि. वि.

मी मिरजेत गाण्याचा क्लास चालवतो. सकाळी दोन आणि संध्याकाळी तीन बॅचेस असतात. आठ वर्षांच्या मुलापासून निवृत्त झालेल्या बाईंपर्यंत सगळे येतात. गेल्या महिन्यात वरच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांना देसी राग सुरू केला. देसी समजावून सांगायला अवघड. आरोह-अवरोह फळ्यावर लिहून दिला तरी राग हाती लागत नाही, तो कानातच बसावा लागतो. म्हणून मी मुलांना म्हटलं, घरी जा आणि ‘बैजू बावरा’मधलं ‘आज गावत मन मेरो झूमके’ दहा वेळा ऐका. आधी गायक कोण ते बघा, मग डोळे मिटून ऐका.

दुसऱ्या दिवशी एक चौदा वर्षांची मुलगी बॅच सुरू व्हायच्या आधीच आली. म्हणाली, “सर, ऐकलं. मला माहीतच नव्हतं, आमिर खान इतकं भारी गातो!”

मला आधी वाटलं, ती उस्ताद अमीर खाँसाहेबांविषयीच बोलतेय, फक्त ‘गातात’च्या जागी ‘गातो’ म्हणाली. तेवढ्यात तिने फोन पुढे केला. गाण्याच्या नावाखाली गायक म्हणून एकच नाव होतं. त्या नावावर बोट ठेवलं की पान उघडायचं ते सिनेनट आमिर खान यांचं. वर त्यांचा फोटो, त्याखाली ‘गुलाम’मधलं ‘आती क्या खंडाला’ आणि त्याच्याच खाली देसी रागातली ही जुगलबंदी. दुसऱ्या गायकाचं, म्हणजे द. वि. पलुसकरांचं नाव त्या पानावर कुठेच नव्हतं.

मुलीची काहीच चूक नव्हती. मी सांगितलं तसंच तिने केलं होतं. गायक कोण ते बघितलं, मग डोळे मिटून ऐकलं.

तेव्हा मी गप्प बसलो. रात्री मात्र झोप येईना. ते ॲप कोणतं ते इथे लिहीत नाही, कारण नंतर बाकीची उघडून पाहिली आणि प्रत्येकात काही ना काही सापडलं. म्हणून हे पत्र तुम्हा सगळ्यांना.

सगळ्यात आधी हे गाणं काय आहे ते सांगतो. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ते ठाऊक असेल, पण गाण्यांच्या याद्या भरणाऱ्यांपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही.

‘बैजू बावरा’ 1952 सालचा. प्रकाश पिक्चर्सचा चित्रपट, दिग्दर्शक विजय भट्ट. बैजू झाले होते भारत भूषण, गौरी मीना कुमारी, आणि तानसेन सुरेंद्र. संगीत नौशाद यांचं, गीतं शकील बदायुनींची. गोष्ट दंतकथेवर बेतलेली. तानसेनामुळे बैजूचा बाप जातो, सूड घ्यायचा म्हणून बैजू गाणं शिकतो आणि शेवटी अकबराच्या दरबारात तानसेनासमोर गायला उभा राहतो. ज्याच्या गाण्याने संगमरवराची शिळा पाघळेल तो जिंकला, अशी पैज लागते. त्या प्रसंगाचं गाणं म्हणजे ‘आज गावत मन मेरो झूमके’.

नौशादसाहेबांपुढचा पेच बघा. पडद्यावर तानसेन गाणार आणि त्याला हरवणारा माणूस गाणार. तिथे लोकांच्या कानाला खरं वाटेल असा आवाज आणायचा कुठून? त्यांनी तानसेनासाठी इंदूरचे उस्ताद अमीर खाँ आणले आणि बैजूसाठी पंडित द. वि. पलुसकर. खाँसाहेब तेव्हा चाळिशीतले. पलुसकर, ज्यांना गाण्याच्या जगात सगळे बापूराव म्हणत, जेमतेम एकतिशीचे. पडद्यावर तानसेन झालेले सुरेंद्र स्वतः गायक नट. ‘अनमोल घडी’त नूरजहाँबरोबर ‘आवाज दे कहाँ है’ गायलेले ते हेच. नौशादांचंच संगीत, 1946 साल. अशा माणसाने इथे स्वतः न गाता खाँसाहेबांच्या आवाजावर ओठ हलवले. हे सगळं एका गाण्यात आहे, आणि तुमच्या पानावर यातलं काहीही नाही.

मी क्लासात हे गाणं कसं ऐकवतो ते सांगतो. मुलांना गोल बसवतो. खाँसाहेबांचा आवाज आला की उजवा हात वर, बापूरावांचा आला की डावा. सुरुवातीला सोपं असतं. खाँसाहेबांचा आवाज रुंद, भारदस्त, छातीतून येणारा. बापूरावांचा स्वच्छ, सरळ, धुतल्यासारखा. मुलं आत्मविश्वासाने हात वर करतात. मग लय वाढते, ताना आखूड होत जातात, एकाने टाकली की दुसरा उचलतो, आणि मुलांचे हात मागे पडायला लागतात. उजवा वर जाईपर्यंत आवाज डाव्याचा झालेला असतो. शेवटी सगळे हात खाली टाकून नुसतं ऐकत बसतात. त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर जे असतं त्यासाठीच मी इतकी वर्षं हा क्लास चालवत आलोय.

पण हात वर करायला आधी कळायला हवं ना, की गाणारे दोघं आहेत!

बापूरावांचं नाव गाळलं जाणं आम्हा मिरजकरांना जास्तच लागतं, त्याला कारण आहे. त्यांचे वडील विष्णू दिगंबर. कुरुंदवाडचा मुलगा. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, आणि शाळेची वाट बंद झाली म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला आला. पुढे त्यांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथे गाणं शाळेसारखं, वर्ग आणि परीक्षा घेऊन, कुणालाही शिकता येईल असं झालं. ते गेले 1931 साली, तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास या वडिलांच्या शिष्यांनी त्याला घडवलं. आणि ऑक्टोबर 1955 मध्ये, वयाच्या 34 व्या वर्षी, हा गायक गेला. ‘बैजू बावरा’ येऊन तीन वर्षं झाली होती. जे थोडं ध्वनिमुद्रण त्यांनी मागे ठेवलं त्यातलं सगळ्यात जास्त लोकांनी ऐकलेलं म्हणजे बहुधा हे गाणं. माझी ती विद्यार्थिनी ज्या परीक्षेला बसणार आहे ती परीक्षा घेणारं मंडळ विष्णू दिगंबरांच्या शिष्यांनी उभारलेलं आहे. तिच्या प्रमाणपत्रामागे एक पलुसकर उभे आहेत आणि तिच्या फोनवरून दुसरे पलुसकर पुसले गेलेत.

या एका गाण्यावर थांबलो असतो तर पत्र लिहायची गरज नव्हती, फोन करून सांगितलं असतं. पण मी वहीच घेऊन बसलो आणि ‘बैजू बावरा’ची तेराच्या तेरा गाणी वेगवेगळ्या ॲपवर तपासली.

‘तोरी जय जय करतार’ खाँसाहेबांचं, पूरिया धनाश्रीमधलं. दोन ठिकाणी गायक म्हणून नौशाद यांचं नाव. ‘घनन घनन घन गरजो रे’, मेघ, तेही खाँसाहेबांचं. एका ठिकाणी नुसतं ‘विविध कलाकार’. ‘दूर कोई गाए’मध्ये रफी, लता आणि शमशाद बेगम तिघं आहेत, शमशादबाईंचं नाव तीन ठिकाणी गायब. ‘लंगर कंकरिया जी न मारो’ ही तोडीतली जुनी, परंपरेतून आलेली बंदिश. कित्येक घराण्यांत गायली जाते. चित्रपटात ती अमीर खाँ आणि पलुसकरांनी गायली आहे, पण गीतकार म्हणून सरसकट शकीलसाहेबांचं नाव टाकून दिलंय. असं केल्याने शकीलसाहेबांचा मान वाढत नाही, बंदिशीचा इतिहास तेवढा पुसला जातो. तिथे ‘पारंपरिक’ हा एक शब्द पुरेसा आहे.

आणि साल! बहुतेक ठिकाणी ‘बैजू बावरा’ गेल्या दहा-पंधरा वर्षांतला दिसतो. माझ्या एका विद्यार्थ्याचा मोठा भाऊ या क्षेत्रात काम करतो, त्याने मला यामागचं कारण समजावून सांगितलं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षरांचा एक सांकेतिक क्रमांक मिळतो, त्यातले दोन अंक सालाचे असतात. पण ते साल क्रमांक दिल्याचं असतं, गाणं मुद्रित झाल्याचं नव्हे. जुनी तबकडी अलीकडे संगणकावर चढवली तर क्रमांक अलीकडचाच मिळतो. शिवाय गाणं पाठवणारा तक्त्यात जे साल भरेल तेच पानावर येतं. गायकांचंही तसंच. तक्त्यात नाव जसं लिहिलं असेल तसं यंत्र उचलतं, आणि स्पेलिंग जुळलं की ज्याचं पान आधीपासून मोठं त्याच्या पानाला जोडून टाकतं. खाँसाहेबांचं गाणं सिनेनटाच्या पानावर गेलं ते बहुधा असंच. बापूरावांची तर उलटी तऱ्हा. एकाच ॲपवर ‘डी. व्ही. पलुसकर’, ‘पंडित डी. व्ही. पलुसकर’ आणि ‘दत्तात्रेय विष्णू पलुसकर’ अशी तीन वेगळी माणसं आहेत, आणि ‘ठुमक चलत रामचंद्र’ एकाकडे तर ‘चलो मन गंगा जमुना तीर’ दुसऱ्याकडे.

हे ऐकून मला जरा बरंही वाटलं. म्हणजे कुणी मुद्दाम केलेलं नाही. पण मग दुरुस्तीही तितकीच सोपी असायला हवी.

आणखी एक गोष्ट, जी फक्त गाणं शिकवणाऱ्यांच्याच लक्षात येईल. ‘मन तडपत हरि दर्शन को आज’ मी दोन ॲपवर लावलं आणि हार्मोनियमवर सा धरून पाहिला. दोन्हींत जवळजवळ अर्ध्या पट्टीचा फरक. जुनी तबकडी फिरवताना वेग थोडा जरी चुकला तरी सूर चढतो किंवा उतरतो. रफीसाहेबांचा आवाज एका ठिकाणी पातळ आणि घाईत, दुसऱ्या ठिकाणी नेमका. मालकंस शिकणारा मुलगा यातलं कोणतं ऐकतो त्यावर त्याच्या कानात काय बसणार ते ठरतं. तिसऱ्या ठिकाणी तर त्याच गाण्यावर मागाहून ड्रम आणि ऑक्टोपॅडचा ठेका चढवलेला होता. ‘झंकार’ म्हणतात तो प्रकार. ज्यांना आवडतो त्यांनी ऐकावा, मी कोण अडवणार. पण अंथरुणाला खिळलेले बैजूचे गुरू हरिदास ज्या गाण्याने उठून चालायला लागतात असं चित्रपटात दाखवलंय, त्या गाण्याचं नाव शोधल्यावर सगळ्यात वर ऑक्टोपॅड यावा आणि मूळ गाणं सातव्या नंबरावर असावं, हे मला मान्य नाही. निदान नावापुढे ‘मागाहून ताल चढवलेली प्रत’ इतकं तरी लिहा.

तुम्ही म्हणाल, गाणं ऐकायला मिळतंय ना, नावाचं काय एवढं?

नावाचं काय, हे या देशाने 1952 मध्येच पाहिलंय. ‘बैजू बावरा’ आला त्याच वर्षी बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असं त्यांचं पक्कं मत होतं. आकाशवाणीने गाणी कमी केली, आणि जी लावायची त्यांच्या आधी चित्रपटाचं नाव सांगायचं बंद केलं. नाव सांगणं म्हणजे चित्रपटाची जाहिरात, म्हणून फक्त गायकाचं नाव. निर्मात्यांना ते सहन झालं नाही, त्यांनी गाण्यांची परवानगीच काढून घेतली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे गेले. केसकरांना अभिजात संगीत लोकांपर्यंत न्यायचं होतं, आणि नेमकं त्याच साली एक हिंदी चित्रपट अमीर खाँ आणि पलुसकरांना गावोगावच्या टुरिंग टॉकीजपर्यंत घेऊन जात होता. केसकरांविषयी मला आदर आहे, पण या एका बाबतीत त्यांचं चुकलं असं मला मनापासून वाटतं.

पुढे 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू झाली आणि नाव सांगण्याची ती पद्धत रुजली, जिच्यावर आमच्या दोन पिढ्या वाढल्या. चित्रपट अमुक, गायक अमुक, गीतकार अमुक, संगीतकार अमुक. मग गाणं. गीतकाराचंही नाव सांगितलं जावं यासाठी साहिर लुधियानवी भांडले होते. माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. चुलीपुढे भाकरी थापताना रेडिओ चालू असायचा. शकील बदायुनी हे नाव तिला पाठ होतं. ‘मन तडपत’ लागलं की ती हात जोडायची आणि म्हणायची, बघ, लिहिलंय शकीलने, चाल नौशादची, गायलाय रफी, आणि हाक कुणाला मारलीय तर हरीला. निवेदकाने ती तीन नावं रोज सांगितली नसती तर माझ्या निरक्षर आईला हे कळलं नसतं. आजच्या माझ्या विद्यार्थ्यांना वाचता येतं, पण वाचायला तिथे काही लिहिलेलंच नाही.

त्याआधीही नावासाठी झगडा झालाच होता. 1949 च्या ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलं होतं. कामिनी म्हणजे चित्रपटात मधुबालाने केलेलं पात्र! लता मंगेशकर हे नाव लोकांना कळलं ते श्रोत्यांनी रेडिओला पत्रं पाठवून विचारलं म्हणून. पाऊण शतकापूर्वीचे श्रोते जे विचारत होते तेच मी आज विचारतोय: गातंय कोण?

कायद्याविषयीही थोडं लिहितो. मी वकील नाही, पण कॉपीराइट कायदा मराठीत समजावून घेतला. 1957 च्या या कायद्यात 52-अ कलम आहे. ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करायचं तर ते कुणी केलं, हक्क कुणाचे आणि ते पहिल्यांदा प्रसिद्ध कधी झालं ते साल त्यावर दिसलं पाहिजे. पहिल्यांदा प्रसिद्ध झालं ते साल, हे तिथे स्पष्ट लिहिलंय. कलम 57 म्हणतं की हक्क विकले तरी ही कृती माझी, असं सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. 2012 च्या दुरुस्तीत कलावंतांनाही, म्हणजे गायक-वादकांनाही, आपल्या कलेसोबत आपलं नाव लागावं असा हक्क 38-ब कलमाने दिला. जुन्या गाण्यांना हे कितपत लागू पडतं यावर वकील वाद घालतील, त्यात मी पडत नाही. पण कायदा कोणत्या दिशेला बोट दाखवतोय ते स्पष्ट आहे.

यातच एक गुंता आहे आणि तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक असेल. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षं टिकतो. म्हणजे 1952 च्या तबकड्यांवरचा हक्क 2012 अखेर संपला. शकीलसाहेब 1970 साली गेले, त्यांच्या शब्दांचा हक्क 2030 अखेरपर्यंत आहे. नौशादसाहेब 2006 साली गेले, त्यांच्या चालींचा 2066 अखेरपर्यंत. पण तबकडीच मोकळी झाल्यामुळे वाटेल त्याने ‘बैजू बावरा’ची गाणी आपापल्या नावाने चढवली, आणि प्रत्येकाने तक्ता आपल्या मनाने भरला. एकेका गाण्याच्या दहा-दहा प्रती दिसतात त्या म्हणूनच. जुन्या कंपन्या म्हणतील की चुका आमच्या प्रतीत नाहीत, दुसऱ्यांच्या आहेत. ॲपवाले म्हणतील, आम्हाला जे पाठवलं ते आम्ही लावलं. दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, आणि म्हणूनच दुरुस्ती कुणीच करत नाही.

मी करून पाहिली. ‘चूक कळवा’ असं बटण शोधून काढलं, व्यवस्थित लिहिलं, चित्रपटाचं नाव, दोन्ही गायकांची पूर्ण नावं, साल. उत्तर आलं, आपला संदेश संबंधित विभागाकडे पाठवला आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा लिहिलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदाही तेच, अक्षर न अक्षर तेच. पानावर अजून ‘आती क्या खंडाला’ आहे.

आता माझं मागणं. जुन्या कंपन्यांनो, तुमच्याकडे मूळ तबकड्यांची लेबलं आहेत, जुने कॅटलॉग आहेत, मुद्रणाची रजिस्टरं आहेत. त्यातली माहिती सगळ्यांना बघता येईल अशी खुली करा. पैसे मागत नाही, हक्क मागत नाही, फक्त माहिती. ती एकदा खुली झाली की दुसऱ्या कुणी गाणं चढवलं तरी नावं त्याला तुमच्याकडूनच घ्यावी लागतील. ॲपवाल्यांनो, प्रत्येक गाण्याखाली गायक, गीतकार, संगीतकार, चित्रपट आणि पहिल्या प्रसिद्धीचं साल एवढं दिसू द्या. तीन ठिपके दाबून, मग आणखी एक बाण दाबून नव्हे, गाणं वाजत असताना समोर. तुमच्याकडे त्याची जागा आहे, तिथे सध्या दुसऱ्या गाण्याची जाहिरात असते. अमीर खाँ आणि आमिर खान ही दोन माणसं वेगळी करा. आणि चूक कळवणाऱ्याला उत्तर देणारं एखादं तरी माणूस ठेवा, ज्याला देसी आणि देस यांतला फरक कळला नाही तरी चालेल, पण जो विचारून घेईल.

याच नावाचा नवा चित्रपट काढण्याची घोषणा होऊन काही वर्षं झाली. तो आला की ‘बैजू बावरा’ शोधणाऱ्यांची झुंबड उडेल. नवी गाणी यावीत, चालावीत, माझी मुलं तीही गातील. पण आज ज्या पानांवर साल धड नाही, त्या पानांचं तेव्हा काय होईल याची मला भीती वाटते. म्हणून ही घाई.

वादकांचं मुद्दाम शेवटी ठेवलंय, कारण तिथे सगळ्यात जास्त अंधार आहे. त्या काळच्या मुंबईच्या स्टुडिओत गोव्याचे किती वादक होते! मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस नौशादसाहेबांकडे व्हायोलिन वाजवायला लागले आणि पुढे मोठे संगीत संयोजक झाले. संगीतकार प्यारेलाल त्यांच्याच हाताखाली शिकले. सेबॅस्टियन डिसोझा दुसरे. ही नावं निदान कळली तरी. बाकीचे शेकडो सकाळी वाद्य घेऊन यायचे, नोटेशन समोर ठेवून वाजवायचे आणि संध्याकाळी दादर-माहीमच्या खोलीवर परत जायचे. ‘मोहे भूल गए साँवरिया’मध्ये लताबाईंच्या ओळी संपतात तिथे जी वाद्यं त्यांना उचलून धरतात, ती कुणाच्या हातातली? ‘ओ दुनिया के रखवाले’मध्ये रफीसाहेब तारसप्तकात चढत जातात तेव्हा खाली तबल्यावर कोण आहे? हे मी मुलांना सांगू शकत नाही, आणि तुमच्या पानांवरही ते नाही. कुठल्या वादकाला किती पैसे दिले याची नोंद कुठल्यातरी वहीत असणारच, कारण पैसे दिल्याशिवाय कुणी वाजवलं नसेल. ती वही कुणाच्या गोदामात, कपाटात, माळ्यावर असेल तर ती कसरीने खाण्याआधी बाहेर काढा. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे द्या, म्हणजे नीट जपली जाईल.

येत्या गुरुपौर्णिमेला क्लासात आम्ही ‘बैजू बावरा’ची तेराही गाणी ऐकणार आहोत, ओळीने, मध्ये न बोलता. मुलांनी त्यासाठी पुठ्ठ्याची गोल लेबलं कापली आहेत, जुन्या तबकडीवर असायची तशी. मध्ये भोक पाडलंय, भोवती रंग दिलाय. प्रत्येक गाण्याचं एक. वर चित्रपट आणि 1952, मग गाण्याचं नाव, राग, गायक, खाली शकील बदायुनी किंवा पारंपरिक, त्याखाली नौशाद. ‘आज गावत मन मेरो’चं लेबल त्याच मुलीने केलंय. दोन्ही नावं तिने सारख्याच अक्षरांत काढली आहेत, उस्ताद अमीर खाँ आणि पंडित द. वि. पलुसकर, आणि कुणाचं आधी लिहायचं यावर अर्धा तास विचार करून शेवटी दोन्ही शेजारी शेजारी बसवली. सगळ्यात खाली प्रत्येक लेबलावर ‘वादक’ असा शब्द लिहून पुढे जागा मोकळी सोडली आहे. तुमच्याकडे नावं असतील तर कळवा. लेबलं आम्ही भिंतीवर हाताला येतील अशी लावणार आहोत, म्हणजे नाव आलं की मुलं लगेच पेनाने भरतील.

कळावे,
आपला,
गाण्याचा एक शिक्षक, मिरज